दाढ ठणकत होती, दुखणं गालात होतं

माझ्या वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल झालेलं आहे. त्या दाढेला झालं काहीच नव्हतं. हे कळायला दहा महिने गेले. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी मिरजेतल्या एका दवाखान्याच्या खुर्चीत बसून रडले, कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. दाढ, कानशील, कपाळ, कान असं सगळं एका अंगानं दुखतंय आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहून काढतेय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत पेढीवर हिशेब बघते. चौदा वर्षं झाली. राजापुरी हळदीचा हंगाम सुरू झाला की उन्हाळाभर मान वर करायला सवड नसते. सकाळी सौदे निघतात, कुठल्या लॉटला काय दर लागला त्याचे कागद टेबलावर येतात, आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, त्याच दिवशी तयार व्हावी लागते. उजवा हात कॉम्प्युटरवर, डावा हात कागदांवर, आणि फोन डाव्या खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. हंगामात दिवसाला साठ-सत्तर फोन येतात. “ताई, माझ्या हळदीचं काय झालं?” असं विचारणाऱ्या माणसाचं वर्षाचं गणित त्या एका आकड्यावर असतं. त्याला थांबा म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वरची दाढ ठणकायला लागली. ठणका दिवसभर मंद असायचा. संध्याकाळी तो गालातून कानशिलात चढायचा आणि भुवईच्या वर येऊन बसायचा. डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेत खास काही दिसलं नाही, पण मी बोट त्याच दाढेवर ठेवत होते, थंड पाणी लागलं की कळ येत होती. मग आत नस सुजली असेल म्हणून रूट कॅनल झालं. चार खेपा, वर कॅप. पंधरा दिवस जरा बरं वाटलं. नंतर ठणका जसाच्या तसा परत आला, आणि आता तो पलीकडच्या दाढेत वाटू लागला. तिचंही करून घेऊ, असं तिथं सांगितलं गेलं. पैसे जमेपर्यंत थांबूया, असं मी म्हटलं. त्या पैशांच्या अडचणीचे मी आज आभार मानते.

मधले महिने भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं फार नाही. सायनस असेल म्हणून नाकाचा एक्स-रे आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. चष्म्याचा नंबर पाव पॉइंटनं बदलून घेतला. मानेचा एक्स-रे काढल्यावर “मणक्यात गॅप आहे” असं ऐकून आठ दिवस पट्टा घालून बसले. शेवटी डोक्याचा एमआरआय झाला. तो स्वच्छ आला तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र रात्रभर जागी होते, कारण आता दाखवायला काही उरलंच नव्हतं. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या रोज सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायच्या, डोक्याला फडकं घट्ट बांधायच्या आणि म्हणायच्या, “किती गोळ्या खातीयास गं? पोटाची चाळण हुईल.” खरंच खात होते. मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी, आधी लागेल तशी, मग रोजची. सकाळी उठले की दुखायच्या आधीच घ्यायचे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून लांबलांबून माणसं तिथं उपचाराला येतात. जबड्याचं दुखणं बघणाऱ्या एक दातांच्या डॉक्टर तिथं आहेत, असं माझ्या नणंदेला तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. डिसेंबरात मी फायलींची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी पिशवी बाजूला ठेवायला सांगितली आणि पाऊण तास नुसतं विचारत बसल्या. कधी जास्त दुखतं? सकाळी जबडा आंबल्यासारखा असतो, संध्याकाळी डोकं जड होतं. ठोके पडतात का? नाही, आवळल्यासारखं वाटतं. मळमळतं का, उजेड सहन होत नाही असं होतं का, जिना चढला की वाढतं का? नाही. असतं तर अर्धशिशीकडे बघावं लागलं असतं, त्या म्हणाल्या. विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची कळ येते का? नाही. तीही वेगळी व्याधी, तिची औषधं वेगळी. मग त्यांनी विचारलं, “आत्ता, या क्षणाला, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?”

टेकलेले होते. नुसते टेकलेले कसले, आवळलेले होते.

“दात फक्त चावताना आणि गिळताना टेकायचे असतात,” त्या म्हणाल्या. “चोवीस तासांत सगळं मिळून काही मिनिटं. एरवी ओठ मिटलेले, दात सुटलेले, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा.” वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली. तोंड मिटलं म्हणजे दात मिटायचे, अशीच माझी समजूत होती.

त्यांनी आरसा हातात दिला. जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते, करंजीची कड कातल्यासारखे. गालाच्या आतून दातांच्या रेषेत एक पांढरी रेघ होती. सुळ्याचं टोक घासून सपाट झालं होतं. तोंड उघडायला लावून पट्टीनं मोजलं तर एकतीस मिलिमीटर. साधारण तीन बोटं उभी मावायला हवीत. माझी दोनच मावत होती, आणि उघडताना हनुवटी डावीकडे सरकत होती.

मग त्यांनी हातमोजे घातले. अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, आणि दात आवळल्यावर गालावर जो टणक स्नायू फुगतो तो चिमटीत धरून इंचाइंचानं चाचपत खाली उतरल्या. मध्ये एके ठिकाणी सुतळीला गाठ असावी तसं काहीतरी बोटाखाली आलं. त्यांनी तिथं दाबून धरलं. पाच-सहा सेकंद गेले आणि दाढ ठणकायला लागली. तीच दाढ, रूट कॅनल झालेली, जिची नस काढून टाकलेली आहे. पाठोपाठ भुवईवर तेच ओझं. दहा महिने मी सगळ्यांना जे सांगत होते ते दुखणं त्यांनी बोटानं उठवलं, आणि बोट काढल्यावर ते हळूहळू ओसरलं. इथंच मला रडू आलं.

तरीही खात्री करून घ्यायची म्हणून त्यांनी पलीकडची दाढ, जिच्यावर पुढचं रूट कॅनल व्हायचं होतं, इंजेक्शन देऊन बधिर केली. हिरडी, गाल जड झाला. ठणका होता तिथंच. दाढेचा असता तर थांबला असता. पुढच्या खेपेला तेच औषध थोडं त्या गाठीत सोडलं, आणि दहा मिनिटांत दाढ, कानशील, भुवई सगळं शांत झालं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा माझं डोकं हलकं होतं. तो परिणाम तीन-चार तासच टिकला, पण तेवढ्यानं निकाल लागला.

त्या स्नायूचं नाव मॅसेटर. मी विचारलं, गालातलं दुखणं दाढेत कसं जातं? त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. दात, जबडा, कपाळ यांची खबर एका मोठ्या नसेनं, ट्रायजेमिनलनं, मेंदूकडे जाते. मानेच्या वरच्या तीन नसांची खबरही मेंदूच्या देठाशी त्याच ठिकाणी येऊन पडते. दहा गावांचा माल एकाच काट्यावर आला आणि पोत्यांवरच्या चिठ्ठ्या गळाल्या, तर कुठलं पोतं कुणाचं हे तोलणाऱ्याला सांगता येत नाही. तो नेहमीच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव घेतो. मेंदूचंही तसंच होतं. दाढेचं दुखणं त्याच्या ओळखीचं, गालातल्या स्नायूचं नाही.

भिंतीवर तक्ते होते. जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टर, ज्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्याही डॉक्टर होत्या, त्यांनी डेव्हिड सिमन्स यांच्यासोबत कुठल्या स्नायूतली गाठ कुठं दुखवते याचे नकाशे तयार केले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या धर्तीचे ते तक्ते. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होते. खांद्यावरचा ट्रॅपेझियस: दुखणं मानेच्या बाजूनं वर चढतं, कानामागून वळतं आणि कानशिलाशी थांबतं, अगदी प्रश्नचिन्हासारखं. कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू: त्याचं दुखणं डोळ्याभोवती आणि कपाळावर, कधी चक्करही. कानशिलावरचा पंख्यासारखा स्नायू: वरच्या दातांत. जबड्याच्या आत खोल बसलेला एक छोटा स्नायू: गालफडात, म्हणजे जिथं आपण सायनस म्हणतो तिथं. कवटीच्या बुडाशी असलेले बारके स्नायू: डोक्याच्या आत, नेमकं कुठं ते दाखवता येत नाही असं. माझा वर्षभराचा प्रवास, एकेका दवाखान्यासकट, त्या भिंतीवर होता.

डॉक्टरांनी हेही सांगितलं की ही गाठ नेमकी काय असते, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. दाबल्यावर ओळखीचं दुखणं उठतं आणि स्नायू सैल केला की कमी होतं, एवढ्यावर आपण काम करायचं. त्यांचं हे स्पष्ट बोलणं मला फार आवडलं.

पहिलं काम गोळ्या बंद करण्याचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. डायरी काढून मोजलं तर नोव्हेंबरात बावीस दिवस गोळी घेतली होती. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीच डोकेदुखी देऊ लागते. माझ्या गोळीत कॅफिन होतं, म्हणजे ती मिश्र. फिजिशियनना दाखवून ती थांबवली आणि रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिनचा, म्हणजे जुनाट डोकेदुखीवरही देतात त्या औषधाचा, अगदी छोटा डोस सुरू केला. पहिले नऊ दिवस फार वाईट गेले. चौथ्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, मला ती गोळी आणून द्या, नाहीतर मी उठून जाते. हे मेडिकलला गेले नाहीत. गरम पाण्यात टॉवेल पिळून आणला आणि माझ्या गालावर धरून बसले. दहाव्या दिवशी सकाळी डोकं दुखत नव्हतं, आणि ते लक्षात यायलाच तासभर गेला.

दुसरं काम सवयीचं. दात आवळलेत हे आपल्याला कळतच नाही, म्हणून आठवण करून देणारी खूण हवी. डॉक्टरांनी रंगीत ठिपके चिकटवायला सांगितले होते. मी कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. मॉनिटरच्या कोपऱ्यावर एक, कॅल्क्युलेटरवर एक, फोनच्या पाठीवर, पट्टीबुकाच्या पुठ्ठ्यावर, घरी मिक्सरवर, देव्हाऱ्याच्या कडेला. टिकली दिसली की बघायचं: ओठ मिटलेले, दात सुटलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागं टाळूला, खांदे खाली. पहिल्या दिवशी मी चाळीस वेळा बघितलं आणि छत्तीस वेळा दात आवळलेले सापडले. बेरीज करताना आवळलेले, फोन ठेवताना आवळलेले, कणीक मळताना तर फारच. दातओठ खाऊन काम करणं आपण कौतुकानं म्हणतो. मी ते चौदा वर्षं अक्षरशः करत होते.

मालकांना सांगून हेडफोन घेतला. खांद्यात फोन धरणं त्या दिवशी बंद झालं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते एका बाजूला कलवून दिवसभर तोललं की ट्रॅपेझियसनं काय करावं? स्क्रीन चार पुस्तकांवर चढवली. फिजिओथेरपिस्टनं मानेचे व्यायाम दिले, हनुवटी सरळ मागं ओढण्याचा मुख्य, आणि खांद्यात दोनदा कोरडी, म्हणजे औषधाशिवायची बारीक सुई घातली. सुई गाठीला लागली की स्नायू माशासारखा उडतो. दुखतं, पण दुसऱ्या दिवशी मान वळते. गाल रोज दोनदा शेकायचा, वीस मिनिटं, मग बोटांनी हळू चोळायचा. खाण्यात महिनाभर मऊसूत: भाकरी दुधात कुस्करून, मुगाची खिचडी. भडंग बंद, ऊस सोलून खाणं बंद, शेंगा बंद. सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

रात्रीसाठी दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा साचा बनवला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की यानं दात झिजायचे वाचतात, जबड्याला आराम मिळतो, पण आवळण्याची सवय हा काढून टाकत नाही. मार्चच्या शेवटी, हंगामाच्या भरात, तोंड एकेचाळीस मिलिमीटर उघडत होतं.

एप्रिलमध्ये आत्यांचं कानशील दुखायला लागलं. वय एकाहत्तर. वेणी घालताना केसांच्या मुळाशी दुखतंय, जेवताना जबडा भरून येतोय, म्हणाल्या. आधीची मी असते तर शेकून दिलं असतं. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, कानशील हुळहुळं, चावताना जबडा थकतो, डोळ्यांना अंधुक, हे दिसलं तर स्नायू म्हणून बसायचं नाही. कानशिलावरची रक्तवाहिनी सुजलेली असू शकते, आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. तसंच अचानक क्षणात चढलेली भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, किंवा चालताना-जिना चढताना जबड्यात येणारी कळ; ही शेवटची हृदयाचीही असू शकते. आत्यांना त्याच दिवशी फिजिशियनकडे नेलं. त्यांनी कानशिलाची नाडी चाचपली, डोळे तपासून घेतले, ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करवल्या. सगळं ठीक निघालं. नव्या कवळीची एक बाजू उंच बसली होती. ती घासून घेतल्यावर तीन आठवड्यांत आत्या बऱ्या झाल्या.

माझं दुखणं जुलैत परत आलं. आमचं घर गावभागात, कृष्णेच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. तेव्हापासून पाऊस लागला आणि कोयनेतून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की आमच्या गल्लीत कुणी झोपत नाही. तासातासाला फोनवर आकडा येतो. तेहतीस. चौतीस. साडेपस्तीस. त्या आठवड्यात माझी दाढ पुन्हा ठणकली, आणि मी घाबरले की सगळं फुकट गेलं. मिरजेला फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, “आकडा बघताना दात बघा.” बघितलं. प्रत्येक आकड्याला जबडा मिटत होता. मग फोनच्या पाठीवरची टिकली काढून पुढं लावली, स्क्रीनच्या वरच्या कडेला, आकडा येतो तिथंच. पाणी उतरायला सहा दिवस लागले, दाढ शांत व्हायला तीन आठवडे. गोळ्या त्या काळात दोनच लागल्या.

आता महिन्यातून एखाद-दोन दिवस कानशील भरून येतं. पलीकडची दाढ शाबूत आहे. भडंग मूठभर खाते, दोन्ही बाजूंनी चावून.

परवा आमच्या पेढीवरचे हमाल अण्णा पट्टीबुकावरच्या टिकलीकडे बघत होते. कशाला लावली विचारलं, तर मी सगळं सांगितलं. त्यांनी पाठीवरचं पोतं उतरवलं, मानेमागं हात नेला आणि म्हणाले, “ताई, माजं बी डोस्कं हितनं धरतंया. मागनं वर चढतंय, आन् डोळ्यावर येतंय.” वीस वर्षं ते मानेवर पोती वाहतात. पेनकिलरची पट्टी खिशातच असते. शनिवारी दुपारची मिरजेची वेळ घेतली आहे. सौदे आटोपले की मी त्यांना घेऊन जाणार आहे.